कार्ड काढूनही चाचणी पास

कार्ड टेबलावर उताणं पडलेलं होतं, त्याच्या केबलचं दुसरं टोक हवेत लोंबत होतं, आणि माझ्या स्क्रीनवर चाचणी पास होत होती. सकाळपासून नुसती हिरव्या ओळींची रांग लागलेली. आमचा हार्डवेअर इंजिनिअर, ज्याला लॅबमध्ये सगळे तारवाला म्हणतात, कार्डावरचा एक सांधा डागायला ते काढून घेऊन गेला होता. तो परत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. आधी त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलावरच्या कार्डाकडे.

"माझं कार्ड इतकं चांगलं आहे हे मलाच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले असेन, चेहऱ्याला सवय असते. मग एकेकाचं हसू विरत गेलं, कारण हीच चाचणी पास झाली म्हणून आम्ही वरपर्यंत कळवत आलो होतो, आणि आता कळत होतं की ती कशालाही पास म्हणत होती. कार्ड असो नसो, तिला फरक पडत नव्हता.

मी नेमकं काय काम करते हे मी आईला, सासूबाईंना आणि बँकेतल्या एका बाईंना वेगवेगळ्या प्रकारे समजावून बघितलंय, आणि तिघींनीही "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" म्हणून विषय मिटवला. तरी पुन्हा एकदा सांगते. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर हा घरातला एकमेव कमावता माणूस समजा. दारावर येणारं प्रत्येक सामान त्यानेच उठून घ्यायचं म्हटलं तर त्याचं काम कधीच होणार नाही. म्हणून कार्डाला मुभा दिलेली असते: तू थेट आत ये, सामान फळीवर ठेव, बाजूच्या पाटीवर 'ठेवलं' अशी खूण कर आणि जा. फळी म्हणजे मेमरी. हा सगळा व्यवहार ठरवून देणारा जो प्रोग्राम कॉम्प्युटरच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसलेला असतो तो ड्रायव्हर. आणि कार्डाने खरंच सामान ठेवलं का, सगळं ठेवलं का, भलत्याच फळीवर तर नाही ना ठेवलं, हे बघणारी मी.

बघायची रीत साधी आहे. कार्डाला ठरावीक मजकूर पाठवायला सांगायचं आणि तो फळीवर तसाच पोचला का ते ताडून बघायचं. पण त्याआधी एक गोष्ट करायची असते, आणि तीच आमच्याकडे कोणीतरी गाळली होती. प्रत्येक फेरीआधी फळीवर रद्दी भरायची. मुद्दाम, काठोकाठ, ओळखू येईल अशी. तिला आम्ही विष म्हणतो. विष भरलेलं असलं की नंतर दिसणारी गोष्ट नवी आहे की जुनी, याबद्दल शंका राहत नाही. न भरता ताडून बघितलं, तर कालच्या फेरीचं सामान फळीवर तसंच असतं, पाटीवर कालचीच खूण असते, आणि आज कोणी फिरकलंही नाही तरी सगळं आलबेल दिसतं. विष भरायला वेळ लागतो, म्हणून चाचण्या लवकर उरकाव्यात या सद्हेतूने कोणीतरी ती ओळ काढून टाकली होती. कोणी काढली असं साहेबांनी विचारल्यावर सगळ्यांनी छताकडे बघितलं.

मी ओळ परत घातली. पाटी कोरी करण्याची ओळही घातली. लॅबमध्ये मला विषकन्या म्हणतात ते यामुळे. पूर्वी मला हे नाव आवडायचं.

तारवाल्याने कार्ड जोडलं आणि मी चाचणी लावली. आता स्क्रीनवर लाल ओळी आल्या. पाटीवर नवी खूण उमटत होती, 'ठेवलं'. पण फळीवर मात्र मी भरलेलं विष जसंच्या तसं. क्वचित एखाद्या फेरीत अर्धं सामान दिसायचं, पुढच्या फेरीत पुन्हा विष.

"तुझं कार्ड खोटं बोलतंय," मी म्हणाले. "सामान ठेवत नाही आणि ठेवलं म्हणून सांगतं."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं कार्ड पाठवतंय."

"मग कुठे आहे?"

"ते तू बघ. तुझी फळी आहे."

असं आमचं त्या आठवड्यात रोज चाललं होतं. तो कार्डाच्या पायांना चिमटे लावून स्वतःच्या यंत्रावर लहरी दाखवायचा, हे बघ गेलं, हे बघ गेलं. मी माझ्या स्क्रीनवर विष दाखवायचे. दोघेही आपापल्या जागी खरे होतो, आणि ड्रायव्हर ज्या उपकरणात जाणार होता ते तोवर थांबलेलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला त्यांच्या काचेच्या खोलीत बोलावलं. कार्ड जिथे बनतं त्या दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर कोणीतरी दोन वर्षं जाऊन बसायला हवं होतं. चाचण्या तिथेच व्हाव्यात, हे इथे-तिथे ढकलणं बंद व्हावं.

"तुमचं नाव सुचवलंय," साहेब म्हणाले. "घरी बोला. शुक्रवारपर्यंत सांगा."

"घरी बोलते," मी म्हणाले.

घरी बोलणं. आमच्या घरी बोलणं व्हायचं, नाही असं नाही. माझा नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. दवाखान्यांमधून तोंडाचे साचे येतात, त्यावर तो मेणाचे दात बसवतो, बारीक कोरणीने त्यांना आकार देतो. लग्नानंतर सुरुवातीला तो मला साचे दाखवून माणसं ओळखायला सांगायचा. हा बघ, हा झोपेत दात खातो. ही बाई एकाच बाजूने चावते, दुसऱ्या बाजूशी तिची खुन्नस आहे. मी त्याला कवळीसम्राट म्हणायचे. तो मला विचारायचा, आज कोणाला विष घातलंस? आम्ही इतकं हसायचो की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं, तुमच्याकडे रोज पाहुणे येतात का?

ते कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. भांडण झालं नाही. कोणी तिसरं माणूस आलं नाही. मूल व्हावं म्हणून काही वर्षं दवाखाने केले, मग तेही सोडून दिलं, आणि त्याबद्दल रडूनही झालं. नंतर मला काही जाणवेनासं झालं. दुखत नव्हतं. दात काढताना सुई देतात ना, त्यानंतर गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. मी वेळेवर उठायचे, डबा भरायचे, वेळेवर घरी यायचे.

संध्याकाळी तो विचारायचा, "कसा गेला दिवस?"

मी म्हणायचे, "ठीक. तुझा?"

"ठीक."

"वाढू?"

"वाढ."

साहेबांनी बोलावलं त्या संध्याकाळी मी मध्ये एक वाक्य घातलं. "मला दोन वर्षांसाठी दुसरीकडे जायला सांगतायत."

तो पेला उचलत होता. दोन्ही हातांनी उचलत होता, सूप प्यायल्यासारखा. तो खाली ठेवून म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"बघू," मी म्हणाले.

"बघ," तो म्हणाला.

झालं आमचं बोलणं. मी ओट्यापाशी उभी राहून ताटं घासत होते आणि मला आतून काहीही वाटत नव्हतं, फक्त एक प्रश्न होता. मला इथे धरून ठेवणारं काही शिल्लक आहे का? असेल तर मी जाणार नव्हते, कितीही मोठं पद दिलं तरी. नसेल तर राहून काय करायचं? पण हे कळायचं कसं? रोज संध्याकाळी सगळं पास होत होतं. दिवस ठीक, जेवण ठीक, झोप ठीक. ताट पुसून रॅकमध्ये लावताना मला एकदम वाटलं, आज इथे कोणी आलं तरी होतं का? की हे सगळं कालचंच आहे?

दुसऱ्या दिवशी मी घरात विष भरलं. मला माहीत आहे की हे कानाला बरं लागत नाही. शहाणी बाई नवऱ्याला समोर बसवून विचारते, तुझं माझ्याकडे लक्ष आहे का? पण तसं विचारलं तर त्याने "आहे" म्हटलं असतं, आणि 'आहे' म्हणणं म्हणजे नुसती पाटीवरची खूण. मला फळी बघायची होती.

"कसा गेला दिवस?" त्याने विचारलं.

"आमच्या लॅबला आग लागली," मी म्हणाले.

तो भाजीत चमचा फिरवत होता. त्याने वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे, मग खाली. "अरेरे," तो म्हणाला. "दमली असशील. जेव."

मी जेवले. तोही जेवला. टीव्हीवर कुठल्याशा देशातला पूर दाखवत होते.

एका फेरीवरून निकाल देत नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "आज मी साहेबांच्या थोबाडीत मारली."

या वेळी तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं केलंस."

विष जसंच्या तसं. मी मनात लाल ओळ ओढली. खरं सांगायचं तर वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. एक प्रकारची सुटका वाटली. निकाल लागला की निदान पुढचं ठरवता येतं.

आणि त्यात माझ्या नणंदेचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत, मी कँटीनमध्ये रांगेत ट्रे घेऊन उभी असताना. ताई नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या, त्यांनीच त्याला वाढवलं असं त्या स्वतः सांगतात आणि ते खरंही आहे. त्या सहसा मला फोन करत नाहीत, त्यालाच करतात.

"मुद्दाम तुझ्याशी बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "तू सगळं इतकं धीराने घेतलंस. मी असते तर कोलमडले असते."

म्हणजे बदलीचं त्याने बहिणीला सांगितलं तर, मला वाटलं. माझ्याशी बोलायला तोंड नाही, पण बहिणीला सगळा वृत्तांत.

"काय करणार ताई," मी म्हणाले. "वेळ आली की करावंच लागतं."

"तेच म्हणते मी. फार समजूतदार आहेस तू. तो म्हणाला मला, ती खंबीर आहे म्हणून." ताईंचा आवाज जरा जड झाला. "फक्त त्याला एकटं पाडू नकोस गं. बाकी काही मागणं नाही माझं."

आलं, म्हटलं. गोड बोलून शेवटी चिमटा काढलाच. बायको कामासाठी गाव सोडते म्हणजे नवऱ्याला एकटं पाडते. नवरा गेला असता तर? माझ्या मागच्याने ट्रेने मला हलकेच पुढे ढकललं. मी ताईंना "नाही हो, काळजी करू नका" म्हणाले आणि फोन ठेवला. जेवणात काय होतं आठवत नाही. जेवून थेट साहेबांच्या काचेच्या खोलीत गेले. शुक्रवार यायचा होता अजून.

"जाते मी," मी सांगितलं.

"घरी बोलणं झालं?"

"झालं."

साहेबांनी हात पुढे केला. मी मिळवला. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मी आनंदी दिसायला हवं होतं, म्हणून मी दिसले.

तारवाला आणि माझं प्रकरण गुरुवारी सुटलं, आणि ते त्याने सोडवलं नाही की मीही एकटीने नाही. तो वैतागून म्हणाला, "तू बघतेस कशातून ते तरी दाखव मला. तुझा प्रोसेसर बघतो आणि तुला सांगतो, बरोबर? प्रोसेसरला बाजूला ठेव. त्याला न विचारता फळी बघ."

त्यासाठी वेगळं साधन आहे, बोर्डाच्या कडेला लावायचं. त्यातून थेट मेमरी वाचता येते. मी ते जोडलं, एक फेरी चालवली, प्रोसेसर जागच्या जागी थांबवला आणि फळी वाचली. सामान होतं. सगळंच्या सगळं, ओळीने, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्याच क्षणी प्रोसेसरला विचारलं तर तो विष सांगत होता.

कारण ठाऊक झालं की साधं वाटतं. प्रोसेसर दर वेळी फळीपर्यंत चालत जात नाही. एकदा बघितलेल्या गोष्टीची प्रत तो स्वतःच्या खिशात ठेवतो आणि पुढच्या वेळी खिशातलीच बघतो. विष मी त्याच्याच हातून भरलेलं, त्यामुळे त्याच्या खिशात विष. कार्ड बिचारं दर वेळी येऊन नवं सामान ठेवून जात होतं, आणि हा खिशात बघून सांगत होता, काही आलेलं नाही. कधी खिसा भरला की तो आतलं जुनं विष फळीवरच्या नव्या सामानावर ओतायचा, तेव्हा अर्धमुर्धं दिसायचं. सामान आलं की ड्रायव्हरने त्याला सांगायचं असतं, तुझ्या खिशातली प्रत टाकून दे, उठून बघ. ते सांगणारी ओळ ड्रायव्हरमध्ये नव्हतीच.

"कार्ड खोटं बोलत नव्हतं," तारवाला म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"चहा पाज." तो खूश होऊन चिमटे गुंडाळायला लागला. सगळेच खूश होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने उभ्या उभ्या ओळ घातली, आम्ही विष भरून चाचणी लावली आणि या वेळी हिरवं आलं ते खरं हिरवं होतं. मी स्क्रीनसमोर बसून राहिले. चहा पाजायचा राहून गेला.

घरी आले तेव्हा तो आधीच आलेला होता. त्याची चप्पल दाराशी, कामाचा एप्रन खुर्चीवर. अलीकडे तो रोज माझ्याआधी घरी असायचा. पूर्वी कवळ्या उरकेपर्यंत उठायचा नाही.

"कसा गेला दिवस?" त्याने विचारलं.

"मी हो म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "बदलीला. पुढच्या महिन्यात जायचंय."

त्याने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. मी वाट बघत होते, नक्की कशाची ते माहीत नव्हतं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "तुझ्या मनासारखं काम मिळतंय. मी म्हणालोच होतो ताईला, ती जाईल आणि तिने जावं." मग टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाला, "फक्त उजवा हात अगदीच जायच्या आत परत ये. नंतरचं मला एकट्याने जमणार नाही."

"कुठला हात?" मी विचारलं.

त्याने वर बघितलं. मी विचारून बसले होते, ते आता परत घेता येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं, तो आला नाही. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी मी त्या सकाळी कार्ड नसलेल्या हिरव्या ओळींकडे बघत होते.

"कंपवात," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"बाल्कनीत. तू वाळलेले कपडे काढत होतीस."

मला बाल्कनी आठवली. कपडे आठवले. कपडे मी रोजच काढते.

"मी काय म्हणाले?"

"'ठीक आहे' म्हणालीस. 'होईल सगळं नीट.' आणि माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलंस घडी घालायला." तो थोडा हसला. "मला इतकं बरं वाटलं होतं तेव्हा. डॉक्टर कीव करत होता, ताई फोनवर रडली. तू एकटीच अशी की चादरीची घडी घालू म्हणालीस. मला वाटलं, हिला कळलंय आणि हिच्या दृष्टीने मी अजून तोच आहे. त्यावर दिवस काढले मी."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"मग तू ती आग लागल्याचं सांगितलंस," तो म्हणाला. "कपड्यांना वास नव्हता तुझ्या. मी ताईला विचारलं, ही असं का बोलते? ताई म्हणाली, आतलं बाहेर काढतेय, काढू दे, अडवू नकोस. म्हणून साहेबांना मारलं म्हणालीस तेव्हा बरं केलंस म्हणालो."

म्हणजे आग पोचली होती. थप्पडही पोचली होती. त्याच्याकडे सगळं पोचत होतं, आणि त्याने त्याचा नीट अर्थ लावायचा प्रयत्नही केला होता, बहिणीला विचारून. रोज संध्याकाळी समोर बसून मी माझ्याच खिशात बघत होते. मला शरम वाटली. शरम वाटतेय हे कळायलाही थोडा वेळ लागला.

"मी नाही जात," मी म्हणाले. "उद्या साहेबांना सांगते. अजून कागद झाले नाहीत."

"का?"

"का म्हणजे? तुला असं सोडून..."

"इथे होतीसच की," तो म्हणाला.

टोमणा नव्हता त्यात. त्याला टोमणे मारता येत नाहीत, कधीच येत नव्हते. जे होतं ते त्याने सांगितलं, आणि मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

मग मी म्हणाले, "पुन्हा सांग मला. पहिल्यापासून."

त्याने मान हलवली. "ते एकदाच जमलं. किती दिवस मनात जुळवत होतो मी ते, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर. तू घाबरणार नाहीस असं. आता नाही येणार तसं."

"तसं नको. कसंही सांग."

"जाऊ दे ना. माहीत झालं आता तुला."

"मला नाव माहीत झालंय," मी म्हणाले. "बाकी काहीच माहीत नाही. सगळ्यात आधी काय बिघडलं?"

मग त्याने उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, माझ्यासमोर, पालथा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, चिमटीत मेणाची गोळी वळावी तसे, आणि चिमटीत काही नव्हतं. हा हात गेले कित्येक दिवस या टेबलावर माझ्यासमोर जेवत होता. दोन्ही हातांनी पेला धरताना मी त्याला बघितलं होतं, चपलांचे बंद जाऊन साध्या सपाता आल्या तेही बघितलं होतं, आणि मी त्यातलं काहीही बघितलं नव्हतं. मला भीती वाटली. खरीखुरी. शरमेपाठोपाठ इतक्या काळात वाटलेली दुसरी गोष्ट ही होती.

"एक कवळी परत आली," तो सांगू लागला. "एका म्हाताऱ्या मास्तरांची. पुढचा दात वाकडा बसला होता. मी म्हटलं, साच्यात चूक असेल. मेण काढून पुन्हा बसवला, तर पुन्हा वाकडा. मला वाटलं, कोरणीची धार गेली असेल, म्हणून नवी आणली. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की कोरणी मी डाव्या हाताने उजव्या हातात दाबून धरतोय."

तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

'ठीक आहे, होईल सगळं नीट.' शब्द माझ्या तोंडात तयार होते, अगदी ओठांपर्यंत आलेले, सुबक, रोजचे. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि ते गिळेपर्यंत तो वाट बघत राहिला.

"मग?" मी विचारलं.